संत्र्याच्या फुलांची बिस्किटं

अकोला,
१२ जानेवारी २०२५

आदरणीय बद्रुद्दीनचाचा,
सलाम.

हे पत्र दोनदा कच्चं लिहून मग पक्कं केलं आहे. आधी वर 'तीर्थरूप' लिहिलं होतं. वडीलधाऱ्यांना तसंच लिहितात, पण तुम्हाला ते चालेल की नाही हे ठरेना, म्हणून आदरणीय. फोन करता आला असता. पण फोनवर माझं काय होतं ते तुम्ही पाहिलेलं आहे. पहिलंच अक्षर अडकतं, पलीकडचा माणूस दोनदा हॅलो म्हणतो आणि ठेवून देतो. कागदावर मी अडकत नाही.

तुमची बिस्किटांची भट्टी बंद झाल्यावर मी अकोल्याला आलो, त्याला आता पावणेदोन वर्षं होतील. बसस्टँडजवळ एका झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग करतो. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिका. माझ्या टायपिंगमध्ये चुका नसतात, म्हणून बारावी नापास असूनही मालकांनी ठेवून घेतलं. गिऱ्हाइकांशी ते बोलतात.

खोलीवर एक लहान ओव्हन घेतला आहे. रविवारी बिस्किटं करतो. सोबतच्या डब्यात आहेत ती गावठी गुलाबाच्या पाकळ्या आणि मेळघाटातला मध घालून केलेली. निम्मी पिठीसाखर काढून तिथे मध घातला. मध ओलावा धरतो, त्यामुळे बिस्किटं दुसऱ्या दिवशी मऊ पडत. आता पातळ लाटतो, एकशे चाळीसवर भाजतो, पूर्ण गार करतो आणि मग तेवढ्यावरच पुन्हा दहा मिनिटं भाजतो. मोडताना कट् असा आवाज येतो. दुकानातल्या मुलांना फार आवडली.

विचारायचं असं आहे की, एक मार्चला इथे बचत गटांचं प्रदर्शन आहे. घरमालकीण वर्षालीताई त्यांच्या गटाच्या टेबलावर मला एक कोपरा द्यायला तयार आहेत. तेवीस फेब्रुवारीपर्यंत हो किंवा नाही सांगायचं आहे. तुम्ही हो म्हणालात तरच मांडीन. माझ्या स्वतःच्या जिभेवर माझा भरवसा नाही.

आणखी एक. ईदच्या त्या तीन ताटांबद्दल मला तेव्हा नीट बोलता आलं नव्हतं. लोक आपल्या घरचं तूप, आपला मैदा घेऊन भट्टीवर येतात. ताटं एकमेकांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येक घर बिस्किटांवर आपली खूण उमटवतं, कोणी चमच्याची कडा, कोणी बाटलीचं झाकण. करपून कोळसा झालेल्या त्या बिस्किटांवरही खुणा स्पष्ट दिसत होत्या. कोणाचं काय जळलं ते लगेच कळत होतं. ताटं मी आत फार खोल सरकवली असणार. त्यानंतर महिन्याभरात भट्टी बंद झाली. लाकूड परवडत नाही असं तुम्ही सांगितलंत, पण खरं कारण मी आहे हे मला समजतं. क्षमा असावी.

आपला,
सौमित्र

◆

अमरावती,
१९ जानेवारी

बेटा सौमित्र,

तुयं पत्र भेटलं, डबा भेटला. तीर्थरूप लिहिलं असतं तरी मी काही तुयावर केस केली नसती. मुन्सिपालटीच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकेल हावो मी.

बिस्किट एकदम झकास. गुलाबाचा वास, मधाची गोडी, सारं बरोबर. काही कमी नाही. बिनधास्त मांड.

इकडचं काय लिहू. भट्टीची जागा पोरानं मोबाईलच्या दुकानाले भाड्यानं देल्ली. तो स्वतः पुन्याले. घरात मी अन् सून यास्मीन. ती सकाळी शाळेत शिकवाले जाते, दिवेलागनीले येते. तोपर्यंत मी खुर्चीवर. तुया डबा आला त आधी सुतळी सोडली, ती गुंडाळून ठेवली, मंग कागद, मंग पत्र, असे दोन दिवस बरे गेले.

नारायणभटजी, तुये वडील, बाजारात भेटले होते. म्या म्हनलं, पोरगा अकोल्यात बिस्किट बनवून राहिला. ते म्हने, बोलतो का नीट आता? म्या म्हनलं, लिहिते एकदम नीट. मंग त्यायनं मेथीची जुडी घेतली अन् गेले.

पत्र टाकत जाय. फोनच्या भानगडीत पडू नोको.

बद्रुद्दीन

◆

अकोला,
२ फेब्रुवारी

आदरणीय चाचा,
सलाम.

'काही कमी नाही' हे वाचून मला आनंद व्हायला हवा होता. मला धडकी भरली. भट्टीवर तीन वर्षांत तुम्ही असं एकदाही म्हणाला नाहीत. पहिल्या आठवड्यात माझा पहिला घाणा हातात घेऊन तुम्ही म्हणाला होतात, "ह्याले बिस्किट म्हनते, त मंग विटेले काय म्हनशील?" त्या वाक्यावर मी एक महिना काम केलं होतं. तुमच्या 'झकास'चं काय करायचं ते मला कळत नाही.

वडिलांबद्दल कळवलंत, बरं केलंत. मुंजीनंतर ते मला पूजेला सोबत नेत असत. पुण्याहवाचनात मी एका शब्दावर अडकलो आणि सगळे यजमान हात जोडून थांबून राहिले. त्यानंतर त्यांनी मला नेलं नाही. रागावलेही नाहीत. आई होती तोवर दिवाळीला ती मला भट्टीवर घेऊन यायची. तिथे कोणी बोलायला लावत नसे. ओळीत ताट धरून उभं राहायचं.

आता कामाचं. वरूडच्या अमोल नावाच्या मुलाचा एक अर्ज मी टाइप केला होता. त्यांची संत्र्याची बाग आहे. सध्या झाडं फुलांनी पांढरी झाली आहेत. तोडलेली फुलं नकोत, फळ कमी होईल, पण झाडाखाली गळलेली मिळतील का, असं मी त्याला चिठ्ठीवर लिहून दाखवलं. त्याने झाडांखाली जुनं धोतर पसरून पिशवीभर फुलं जमवली आणि बसने पाठवली. धुऊन, सावलीत पंख्याखाली सुकवून, कोमट तुपात दोन दिवस ठेवली. तूप गाळून घेतलं. त्या तुपात आणि मधात बिस्किटं केली.

तुलनेसाठी दुसरी साधी केली आहेत. साधं तूप, साखर, फूल नाही, मध नाही. रंग सारखा यावा म्हणून ती चार मिनिटं जास्त भाजली. ओळखू यावीत म्हणून आपल्या पद्धतीने खुणा केल्या. काटेचमच्याच्या तीन रेघा आहेत ती फुलांची. अंगठ्याचा खळगा आहे ती साधी. फूल पुरेसं लागतं का, मध पुढे येतो की फूल, आणि नंतर काही राहतं का, एवढं कळवावं.

कृपया कौतुक नको. जे असेल ते लिहा. तेवीस तारखेला तीन आठवडे आहेत.

आपला,
सौमित्र

◆

अमरावती,
८ फेब्रुवारी

बेटा सौमित्र,

खाल्ले. दोनी खाल्ले. रेघावाल्याले तोड नाही. तोंडात घातलं की बगीच्यात बसल्यासारखं वाटते. संत्र्याचं फुल पुढे, मध मांगून येते. अंगठ्यावालं फिकं, त्याच्यात काही दम नाही, ते तू केलंच काहून? रेघावालं मांड. वर्षालीबाईले आजच हो म्हन.

दुकानातल्या पोरायनं खाल्ले का? काय म्हनले? लिहून पाठव, पुरं लिही. तुयं पत्र लहान असलं की लवकर सरते.

बद्रुद्दीन

◆

अकोला,
११ फेब्रुवारी

आदरणीय चाचा,

डबा पाठवला त्याच संध्याकाळी मी मागे ठेवलेली बिस्किटं खाऊन पाहिली. खुणा उलट झाल्या होत्या. दोन्ही परातींतलं पीठ सारखंच दिसत होतं. तपासण्यासाठी मी त्या तीन वेळा इकडच्या तिकडे केल्या, आणि त्या गडबडीत रेघा साध्यांवर उमटल्या. फुलांची होती ती अंगठ्याची.

लगेच कळवणार होतो. मग वाटलं, चाचा पहिल्याच घासाला ओळखतील आणि मला विटेसारखं काहीतरी ऐकवतील. खरं सांगायचं तर मी त्याची वाट पाहत होतो.

ज्याला तुम्ही बगीचा म्हणालात त्यात साखर आणि तूप आहे. दुसरं काही नाही.

तुम्ही ती खाल्ली नाहीत. बहुधा कोणाला तरी देऊन टाकली असतील, आणि पत्रात मी लिहिलं होतं तेच मला परत लिहून पाठवलं. त्याबद्दल तक्रार नाही. ज्याने तुमची भट्टी बंद पाडली त्याचं बिस्किट तुम्ही का खावं? पण मग तसं लिहायला हवं होतं. मला दुसऱ्या कोणाला विचारता येत नाही.

प्रदर्शनाला मी नाही म्हणणार आहे.

सौमित्र

◆

अमरावती,
१६ फेब्रुवारी

सौमित्र,

तीन दिवस झाले, तुयं पत्र पाकिटात घालतो अन् पुन्हा काढतो.

बिस्किट म्या खाल्ले. सारे खाल्ले. तुये गुलाबाचे बी, हे दोनी बी. रोज चहासंग दोन. यास्मीनले पन एकच देल्लं.

पन मले वास येत नाही.

तू भट्टीवर होता त्या शेवटच्या हिवाळ्यात मले आठ दिवस ताप होता, आठव. ताप उतरला अन् नाक गेलं ते गेलं. पयले वाटलं सर्दी हाय. डॉक्टर म्हने, येईल कधी, नाही बी येईल. आलं नाही. जिभेले आता मीठ समजते, साखर समजते, मिरची समजते. गुलाब नाही, मध नाही, इलायची नाही. तोंडात बिस्किट फुटते त्याचा आवाज ऐकू येते. तो आवाज मातर तुया बिस्किटाचा चांगला हाय. तेवढं म्या खरं लिहिलं असतं त बरं झालं असतं.

म्या हे कोनाले सांगतलं नाही. पोराले नाही, सुनेले नाही. भट्टीवाल्याचं नाक गेलं म्हनजे काय ते तुले सांगा लागत नाही. भट्टीत डोळे कामाचे नसते. आत अंधार अन् अंगार. भट्टीवाला नाकानं भाजते. चार महिने म्या अंदाजानं काढले, तू जवळ असे, तुये हात घड्याळासारखे चालत, म्हनून निभलं.

मंग ईद आली. त्या दिवशी तू ताट बरोबर ठेवले होते. म्या मागून पाह्यलं होतं, बरोबर होते. तू पानी प्याले गेला. काढाची वेळ मायी होती. मी भट्टीच्या तोंडाशी उभा होतो, चार बोटावर, अन् तीन घराचे ताट मायासमोर करपले. रांगेतल्या बाया ओरडल्या तवा मले समजलं. त्याईले वास आला होता. मले नाही.

तू परत आला अन् म्हनाले लागला, माझ्या हातून झालं. 'मा' वर अटकला होता. एवढं सांगाले तुले पाच मिनिट लागले. कपाळावर घाम. त्या पाच मिनिटात मी तुले कवाही थांबवू शकत होतो. म्या थांबवलं नाही. पुरं होऊ देल्लं. मंग म्हनलं, जाऊ दे, होते असं.

लाकूड परवडत होतं.

तू पत्रात माफी मागतली तवा सांगाचं होतं. पन सांगतलं असतं त तू मले काहून पाठवशील डबा? ज्याले चव नाही त्याले कोनी बिस्किट पाठवते का? मंग पत्र बी आलं नसतं. म्हनून झकास लिहिलं. तुया पत्रातून उतरवून लिहिलं, ते तू बरोबर पकडलं.

नाही म्हनू नोको वर्षालीबाईले. मायासाठी नाही म्हनत, तुयासाठी.

मायं पत्र फाडून टाकलं तरी चालते.

बद्रुद्दीन

◆

अकोला,
१९ फेब्रुवारी

चाचा,

पत्र फाडलं नाही. काल संध्याकाळी मिळालं. आज दुकानात एका लग्नपत्रिकेत मी नवरदेवाच्या नावात चूक केली. पहिल्यांदाच. मालकांनी विचारलं, तब्येत बरी आहे का.

तुम्हाला क्षमा केली असं लिहिणार होतो. दोनदा लिहिलं आणि खोडलं, कारण ते खरं आहे की नाही हे मला अजून माहीत नाही. ओव्हन घेतल्यापासून मी त्याच्यासमोर उभा राहतो. पावणेदोन वर्षं. बिस्किटं आत असताना मी एकदाही बसलो नाही, पाणी प्यायलो नाही, फोन वाजला तर घेतला नाही. मला वाटायचं, माझी नजर हटली की करपेल. मी असाच आहे असं मी धरून चाललो होतो. तुम्ही दोन वाक्यांत सांगितलं असतं तर मी कदाचित वेगळा असतो. कदाचित नसतोही.

पण मीही खोटं लिहिलं आहे. दुकानातल्या मुलांनी माझं एकही बिस्किट खाल्लेलं नाही. मी कधी नेलंच नाही. घ्या म्हणायला तोंड उघडावं लागतं. वर्षालीताईंनी ओव्हनच्या वासावरून विचारलं म्हणून त्यांना कळलं. त्यांना दिलेलं सोडलं तर आजवर केलेली सगळी बिस्किटं एक तर मी खाल्ली, नाही तर तुम्ही. म्हणजे खरी चव सांगणारा कोणी नव्हताच.

तुम्ही काय खाल्लंत ते तुम्हाला कळायला हवं, असं मला वाटतं. म्हणून लिहितो. अंगठ्याच्या खुणेचं एक बिस्किट माझ्या डब्यात शिल्लक होतं. ते आत्ता समोर ठेवलं आहे.

नुसतं हातात धरलं तर वास जवळजवळ येत नाही. मोडल्यावर येतो, आणि लगेच जातो. त्या तेवढ्या वेळात फूल कळतं. मोगऱ्याइतकं गोड नाही. संत्र्याची साल नखाने खरवडली की बोटांना जो वास राहतो, तो खूप पातळ करून दुधात कालवल्यासारखा.

तोंडात घातल्यावर आधी तूप. मैदा नीट भाजला गेला आहे, कच्चा लागत नाही. तिसऱ्या-चौथ्या चावण्याला मध येतो. बाटलीतून बोटावर घेतला तर याच मधाला रानातल्या ओल्या पाचोळ्यासारखा वास आहे. बिस्किटात तो राहिलेला नाही. इथे तो नुसता गोड आहे, जरासा काकवीकडे झुकणारा. फूल मधाच्या मागे जातं आणि गिळताना एकदा पुन्हा पुढे येतं, नाकाच्या आतल्या बाजूने. हे मला सगळ्यात आवडलं.

गिळून झाल्यावर जिभेच्या अगदी मागे, घशाशी, एक कडवट रेघ राहते. कडुनिंबासारखी नाही. संत्र्याची बी चावली गेल्यासारखी. पाणी प्यायलो, पाच मिनिटं थांबलो, अजून आहे. फुलाचा गुणच तसा असेल असं धरून मी ते मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं. तुम्हाला विचारलं होतं, नंतर काही राहतं का.

एवढंच. मी काही विचारत नाही. वर्षालीताईंना तेवीसला नाही सांगेन.

सौमित्र

◆

अमरावती,
२२ फेब्रुवारी, सकाळ

सौमित्र,

यास्मीनचा भाऊ दुपारच्या गाडीनं अकोल्याले येऊन राहिला, हे पत्र त्याच्या हातानं पाठवतो. पोस्टानं उशीर होईल. वाचून झाल्याशिवाय वर्षालीबाईच्या दारात जाऊ नोको.

तुयं पत्र म्या काल वाचलं. खोली बंद करून वाचलं. संत्र्याच्या सालीजवळ थांबलो, डोळे मिटले. काही आलं नाही. पुढं वाचलं, मधापर्यंत आलो, त वाटलं, थांब, हे चूक हाय. नाकानं नाही समजलं. चाळीस वर्षाच्या कामानं समजलं.

मधाची बाटलीतली चव बिस्किटात राह्यली नाही म्हनतो, काकवी झाली म्हनतो. राहील कशी. तू एकदा भाजतो अन् मंग त्याच आंचेवर दुसऱ्यांदा भाजतो. दुसरी भाजनी रंगासाठी नसते, ओल काढाले असते. आंच निम्मी कर, वेळ दुप्पट कर. मध जिता राहील अन् कट् आवाज बी जाणार नाही.

अन् ते कडू. तो फुलाचा गुन नाही. गळलेलं फुल पुरंच्या पुरं पडते, खालची हिरवी वाटी संग घेऊन, देठ बी असते. तू धुतलं, सुकवलं, अन् जसंच्या तसं तुपात टाकलं असशील. तुपानं दोन दिवसात सारं कडू ओढून घेतलं. मंग तू गाळलं काय अन् नाही गाळलं काय. पाकळ्या सोडून सारं फेका लागते. पाकळी अन् पाकळीच.

ही चूक तुयी हाय. ताट करपले ती मायी होती. दोनी आता जागेवर ठेव, अदलाबदली करू नोको.

माफीचं तुयं खोडलेलं होतं ते म्या उजेडात धरून पाह्यलं. तसंच राहू दे. घाई नाही.

यास्मीनले काल सांगतलं. ती म्हने, अब्बा, दूध उतू जाऊन करपते तवा तुमी खुर्चीवर बसून राह्यता, मले दोन वर्सापासून समजते. मंग तिनं चहा केला.

आता प्रदर्शनाचं. हे बिस्किट मांडू नोको. हे मांडण्यासारखं नाही. पन वर्षालीबाईले हो म्हन. तोंडानं नाही जमलं त कागदावर लिहून दे, तिले वाचता येते. अमोलकडून पुन्हा फुलं मागव, बहर अजून असंल. एक तारखेले सात दिवस हायेत. दोन दिवस फुलं याले, एक सुकवाले, दोन तुपात, एक भाजाले. एक दिवस हातात उरते.

पाकळ्या सोडाचं काम किचकट हाय, पिशवीभर फुलाले चार तास लागन. उभ्यानं कंबर धरते. बसून कर.

बद्रुद्दीन